जुना अ‍ॅम्प कानाला आवडतो की डोळ्यांना?

मध्यलय (धागाकर्ता)

फळीवर जागा एकाच अ‍ॅम्पची (अ‍ॅम्प्लिफायरची, म्हणजे आवाजाचा सिग्नल वाढवून स्पीकरला देणाऱ्या यंत्राची) आहे आणि माझ्याकडे अ‍ॅम्प दोन आहेत. एक मॅरँट्झ २२७०: सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प एकाच डब्यात), निळी डायल, जाड अ‍ॅल्युमिनियमचं तोंड, आडवं फिरणारं ट्यूनिंगचं चाक. दुसरा नॅड ३०२०, १९७८ मध्ये बाजारात आलेला करडा डबा, ज्याच्याकडे बघून आजवर कोणी 'वा' म्हटलेलं नाही. दोन्ही उत्तम चालतात. स्पीकर लहान, बुकशेल्फ, ८६ डेसिबलवाले. खोलीही लहान. ऐकणं बहुतेक रात्री आणि हळू.

आवडतो मला मॅरँट्झ. त्यावर गाणारा माणूस दोन पावलं पुढे येऊन बसतो, खर्ज भरून येतो. नॅडवर तेच रेकॉर्डिंग आटोपशीर, नीटनेटकं आणि जरा कोरडं वाटतं. पण हे वाटणं येतं कुठून? सर्किटमुळे, वयामुळे, की त्या निळ्या उजेडामुळे? डायलवर कागद चिकटवला तर निम्मं प्रेम ओसरेल असा मला दाट संशय आहे.

तर तुमचा आवडता जुना अ‍ॅम्प कुठला आणि मुख्य म्हणजे का, ते लिहा. 'जुन्या मशीनला आत्मा असतो' छाप उत्तरं नकोत, ती मलाही येतात.

आगाऊ_कार्टं

दुसरी फळी ठोका. धागा संपला.

निळाडायल

आयडीवरून कळलंच असेल मी कोणत्या पक्षाचा. संशय कसला घेताय, उघड मान्य करा की! मॅकिंटॉशच्या काळ्या काचेमागच्या निळ्या मीटरांनी आवाजात तिळभर फरक पडत नाही, हे मला माहीत आहे. पण दिवा मालवून ऐकायला बसलं की समोर काहीतरी हलणारं असावं. हल्लीच्या अ‍ॅम्पवर एक ठिपका असतो, आणि तोही बरोबर डोळ्यांत खुपेल अशा जागी.

आणि ते चाक! मॅरँट्झवाले त्याला 'जायरो-टच' म्हणायचे. जड फ्लायव्हील आहे, बोटाने एक झटका दिला की सुई पार टोकापर्यंत घरंगळत जाते. स्टेशन लावायचं नसलं तरी मी फिरवत बसतो.

सोल्डरवाला

डोळ्यांचं नंतर बघू. मध्यलय, एवढं सांगा: गाणी कशातून वाजवता, कुठल्या इनपुटला जोडता, आणि लाउडनेसचं बटण कशाकशावर चालू असतं?

मध्यलय

डॅकमधून (डिजिटल फाइलचा सिग्नल बनवणारी डबी) थेट ऑक्सला (बाहेरच्या यंत्रासाठीचं इनपुट), दोन्हींवर. लाउडनेस मॅरँट्झवर चालू असतं, रात्री हळू ऐकतो म्हणून. नॅडवर बंद.

सोल्डरवाला

मग निम्मं उत्तर इथेच आहे.

१९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी कानाची मोजणी मांडली. आवाज कमी केला की खर्ज आपल्याला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. लाउडनेसचं बटण त्याची भरपाई करतं. बऱ्याच जुन्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्यूमच्या पॉटलाच (घुंडीमागच्या बदलत्या रोधाला) मधे एक जोडणी काढलेली असते. घुंडी जितकी खाली, तितका खर्ज वाढवून मिळतो. आता गंमत बघा. त्या काळातल्या ऑक्सला साधारण १५० मिलिव्होल्ट दिले की अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने वाजायचा. तुमचा डॅक देतो २ व्होल्ट, सीडी प्लेयरपासून चालत आलेला आकडा. म्हणजे सुमारे साडेबावीस डेसिबल जास्त. त्यामुळे घुंडी घड्याळातल्या आठ-नऊच्या पुढे जातच नाही. आवाज पुरेसा असतो, पण अ‍ॅम्पची समजूत अशी की हे गृहस्थ कुजबुजत ऐकताहेत, आणि तो खर्ज ओतत राहतो.

शिवाय पॉटच्या त्या तळाच्या भागात डावा-उजवा चॅनेल सारखा चालत नाही, तो वेगळा ताप.

१० किंवा २० डेसिबलचे अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे जोड) मिळतात, आरसीए सॉकेट आणि केबल यांच्यामध्ये लावायचे. ते लावा, लाउडनेस बंद करा, दोन्हींची पातळी एकसारखी करा आणि मग परत या.

नवशिका

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न विचारू का? नातेवाइकांकडून एक जुना जपानी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प मिळाला आहे. कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. बाहेरून चकाचक. लगेच प्लग लावून बघू का?

सोल्डरवाला

नका!

आगाऊ_कार्टं

काकांच्या एका शब्दात किती भूतकाळ दडला आहे. 😄

तर्कट

माझं मत लोकांना आवडत नाही, तरी लिहितो. चांगल्या स्थितीतले, ताकदीच्या मर्यादेत वाजणारे, टोन कंट्रोल मधोमध ठेवलेले दोन ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प पडद्याआड ठेवले तर ओळखू येत नाहीत. 'मॅरँट्झची ऊब', 'सान्सुईचा ठोसा' हे सगळं ऐकणाऱ्याने घरून आणलेलं असतं. दोन आवाजांत अर्धा डेसिबलचा फरक असला तर तो मोठेपणा म्हणून कळत नाही, मोठा असलेला 'जास्त जिवंत' वाटतो. म्हणून पातळी जुळवताना ०.१ डेसिबलच्या आत यायला हवं, व्होल्टेजमध्ये सांगायचं तर साधारण १ टक्का. कानाने जुळवून ते होत नाही, मल्टिमीटर लागतो.

१९८५ चा किस्सा हवा तर घ्या. बॉब कार्व्हरने अमेरिकेतल्या 'स्टिरिओफाइल' मासिकाला आव्हान दिलं: तुम्हाला आवडतो तो अ‍ॅम्प निवडा, माझ्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा आवाज हुबेहूब तसा करून दाखवतो. त्यांनी एक नावाजलेला व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प निवडला. कार्व्हर दोन्हींच्या आउटपुटमधला फरक मोजत गेला, तो शून्याकडे जाईल असे आपल्या सर्किटमध्ये बदल करत गेला. अखेर संपादकांना कुठला कुठला ते सांगता येईना.

मंद्रा

तर्कट, किस्सा खरा आहे, पण तो तुमच्या बाजूचा नाही. फरक नव्हताच तर त्या माणसाला बदल करत बसावं का लागलं?

तुमच्या अटी परत वाचा. 'चांगल्या स्थितीतले', 'मर्यादेत', 'टोन मधोमध', 'ट्रान्झिस्टर'. मला ज्यासाठी जुने अ‍ॅम्प आवडतात ते सगळं या अटींनी आधीच दाराबाहेर ठेवलं. मी क्वाड टू वापरते, १९५३ चं डिझाइन, केटी६६ व्हॉल्व्ह, जेमतेम १५ वॅट. आणि व्हॉल्व्हमधलं प्रेम मोजता येत नाही असंही मी म्हणणार नाही. येतं की! फीडबॅक (आउटपुटचा अंश मागे देऊन चूक सुधारणं) नसलेल्या एखाद्या सिंगल-एंडेड ट्रायोडचा (एका साध्या व्हॉल्व्ह रचनेचा) आउटपुट इम्पीडन्स (स्वतःचा रोध) २ ओहम धरा. स्पीकरचा इम्पीडन्स कधीच सपाट नसतो, कुठे ४ ओहम, कुठे २०. गणित मांडलं तर त्या दोन जागांमध्ये पावणेतीन डेसिबलचा चढउतार पडतो. तो बहिऱ्यालाही कळेल. म्हणजे एकाच अ‍ॅम्पचा आवाज स्पीकरागणिक बदलतो. 'व्हॉल्व्हचा आवाज' म्हणून वेगळा काही नसतो, या व्हॉल्व्हचा या स्पीकरवरचा आवाज असतो.

(क्वाडला फीडबॅक आहे, त्यामुळे तिथे हे प्रकरण इतकं टोकाला जात नाही, हे आधीच सांगते, नाहीतर सोल्डरवाला येतीलच.)

सोल्डरवाला

येणारच होतो.

तर्कट

मग मंद्राताई, तुमचा अ‍ॅम्प म्हणजे न फिरवता येणारा इक्वलायझर झाला.

मंद्रा

हो. झाला. मग?

निळाडायल

😂😂 दंडवत घ्या, ताई.

जुनाट

चर्चा छान चालली आहे. मी या मशीन नव्या होत्या तेव्हापासून ऐकत आलो, म्हणून थोडा इतिहास.

सुरुवातीचे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प खरंच कर्कश होते. त्या काळी चांगले सिलिकॉन पीएनपी (एनपीएनचे उलट्या जातीचे जोडीदार) पॉवर ट्रान्झिस्टर सहज मिळत नव्हते, म्हणून दोन्ही बाजूंना एनपीएनच वापरून वेळ भागवायचे. सिग्नलचा वरचा अर्धा भाग एका तऱ्हेने आणि खालचा दुसऱ्या तऱ्हेने हाताळला जायचा. हळू आवाजात ती शिवण ऐकू यायची. 'ट्रान्झिस्टर आवाज' ही बदनामी तिथली. १९६७ च्या क्वाड ३०३ ने ट्रान्झिस्टरांचे तिहेरी गट वापरून ही शिवण जवळपास मिटवली. ४५ वॅट फक्त, आणि आउटपुटला आजही लोक नाक मुरडतात असा मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग). पण मंडळी, तो अ‍ॅम्प अजून ऐकवतो.

मग वॅटांचा बाजार. 'म्युझिक पॉवर', 'पीक पॉवर' असल्या नावांखाली कोणी काहीही आकडा छापायचं. अमेरिकेत १९७४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने नियम आणला: आधी एक तास जाहीर ताकदीच्या एक तृतीयांशावर अ‍ॅम्प तापवा, मग पूर्ण ताकदीवर किमान पाच मिनिटं चालवून आकडा द्या. एक तृतीयांश ही मुद्दाम निवडल्यासारखी जागा. क्लास एबी रचनेचा (बहुतेक घरगुती ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प याच रचनेचे) अ‍ॅम्प साधारण तिथेच सर्वांत जास्त तापतो. म्हणून त्यानंतरच्या अ‍ॅम्पमध्ये हीटसिंक आणि ट्रान्सफॉर्मर आडदांड दिसतात. आज आपण 'काय दणकट बनवायचे हो तेव्हा' म्हणतो, त्याला कारागिरीइतकाच हा सरकारी कागद कारणीभूत.

त्यापुढे कंपन्यांची शर्यतच लागली. पायोनियर एसएक्स-१९८०, साल १९७८, प्रत्येक चॅनेलला २७० वॅट. मॅरँट्झ २६०० त्याच्याही वर, ३००. घरात कुणाला लागतात एवढे? पण बनले खरे, आणि बघायला सुंदर.

माझी निवड सान्सुई एयू-७१७. का ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, टंकून बोटं दुखली.

आगाऊ_कार्टं

जुनाटकाका, ३०० वॅटचा रिसीव्हर उचलायला किती माणसं लागतात याचा नियम नाही का काढला त्या कमिशनने?

मध्यलय

जुनाट, फार उपयोगी. त्यावरून एक विचारतो. माझ्या ८६ डेसिबलच्या स्पीकरवर २० वॅट आणि ७० वॅट यात प्रत्यक्ष फरक किती?

सोल्डरवाला

एक वॅटला एक मीटरवर ८६. वीस वॅटला ९९. सत्तरला साडेचारने १०० ओलांडता, म्हणजे १०४.५. साडेतीनपट ताकदीतून साडेपाच डेसिबल. दुप्पट मोठं वाटायला दसपट वॅट लागतात. त्यातही नॅड ३०२० कागदावर २० वॅटचा असला तरी क्षणभराच्या झटक्याला ४० पर्यंत जातो आणि कमी इम्पीडन्सच्या स्पीकरला घाबरत नाही, म्हणून तर एवढा गाजला. मागे सॉफ्ट क्लिपिंगचा खटका आहे, मर्यादा ओलांडली तरी आवाज एकदम फाटत नाही. रात्री लहान खोलीत तुम्ही बहुतेक वेळ एका वॅटच्या आतच असता. दोन्ही अ‍ॅम्प झोपेत काम करताहेत.

तर्कट

हेच मी म्हणतोय. आणि ३०२० ची कीर्ती हा माझ्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा. एरिक एडवर्डसन यांनी आकडे छापण्यासाठी न करता खऱ्या स्पीकरला चालवण्यासाठी डिझाइन केला आणि त्याने भल्याभल्यांना खाली बघायला लावलं. चेहरा नाही, मीटर नाहीत, पाच दिवे आहेत फक्त.

निळाडायल

ते पाच दिवे मलाही आवडतात हो. इतका काही निर्दयी नाही मी.

मूळपुरुष

सगळे आवाजाबद्दल बोलताहेत पण एक कोणी विचारत नाही: हे अ‍ॅम्प अजून मूळचे राहिलेत का? सगळे कपॅसिटर बदललेला, ट्रान्झिस्टर बदललेला, पॉट बदललेला मॅरँट्झ म्हणजे मॅरँट्झचं खोकं. मूळ भागांचा मिळून एक आवाज असतो. मी माझ्या अ‍ॅम्पला हात लावू देत नाही कोणाला.

सोल्डरवाला

मूळपुरुष, आदर राखून सांगतो: पन्नास वर्षांचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मूळचा राहिलेलाच नसतो. आतला द्रव सुकतो, क्षमता घटते, अंतर्गत रोध वाढतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी कमी ठेवलं तर त्याचं आयुष्य दुप्पट, म्हणजे हीटसिंकला खेटून बसलेले आधी जाणार. तुम्ही ज्याला मूळ आवाज म्हणता तो कारखान्यातून निघालेला आवाज नाही, म्हातारपणाचा आहे. तो आवडत असेल तर आनंद आहे. पण त्याचं श्रेय डिझाइन करणाऱ्याला देऊ नका.

उलट टोकाचंही खरं आहे. अ‍ॅम्प आला की सरसकट दीडशे भाग उपटून नवे ठोकणारेही असतात. त्यात जुन्या पट्टीवरचं तांबं सुटून येतं आणि चांगला अ‍ॅम्प कायमचा बिघडतो. मोठे फिल्टर कपॅसिटर मोजून बदला, पॉवर सप्लायचे बदला, सिग्नलच्या मार्गातले मोजून ठरवा. फिल्म कपॅसिटरला बहुतेक वेळा हात लावायची गरज नसते.

आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अनेक जपानी अ‍ॅम्पमध्ये मोठे भाग चिकटवायला एक पिवळट गोंद वापरायचे. वर्षानुवर्षं तापून तो तपकिरी होतो, भागांचे पाय खातो, कधीकधी वीजही वाहू देतो. तो मात्र खरवडून काढाच, तिथे मूळपणाचा आग्रह नको.

मूळपुरुष

गोंदाचं मान्य. बाकी नाही.

नवशिका

माझ्यात तो गोंद आहे! झाकण उघडून बघितलं (प्लग न लावता). आता?

सोल्डरवाला

शाब्बास. आधी हे: झाकण उघडं असताना मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते, वर्षानुवर्षं बंद असलेल्यात ती उरत नाही, पण एकदा चालू करून बंद केलेल्यात उरते. व्हॉल्व्हवाल्यात तर ४०० व्होल्टच्या वरही. सवय म्हणून आधी मीटर लावून बघा, मगच बोट.

मागचा व्होल्टेजचा शिक्का वाचा. जपानच्या घरगुती बाजाराचे १०० व्होल्टचे असतात, अमेरिकेचे ११७-१२०, काहींना मागे निवडीचा खटका असतो. तुमच्या भिंतीतल्या विजेशी ते जुळत नसेल तर इथेच थांबा. जुळत असेल तर पहिल्यांदा थेट वीज देऊ नका. जुन्या तारेच्या दिव्याला, साठ ते शंभर वॅटच्या, सिरीजमध्ये जोडा. चालू करताच दिवा भगभगून मंद झाला तर ठीक. भगभगीतच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद. एलईडी दिवा इथे चालत नाही.

स्पीकर अजून नाही! आधी स्पीकरच्या जागी मीटर लावून डीसी व्होल्टेज बघा. दोन्ही चॅनेलला ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. शंभरच्या वर असेल तर कारण शोधायचं. काही सेकंदांनी 'टक्' असा आवाज आला तर घाबरू नका, तो स्पीकर जोडणारा संरक्षक रिले.

हे सगळं वाचून हात थरथरत असतील तर जाणकाराकडे न्या. त्यात कमीपणा नाही.

जुनाट

सान्सुईबद्दल लिहायचं राहिलं होतं.

एयू-७१७, १९७७ चा, ८५ वॅट, पूर्ण काळा. मला आवडतो तो आधी बोटांना. व्हॉल्यूमची घुंडी खाच-खाच लागत फिरते, खटके 'चटक' न करता दाबून बसतात. आता बऱ्याच अ‍ॅम्पना स्पर्शच नाही, रिमोट आहे. कान तरी एकटा कुठे ऐकतो? ज्या वस्तूला दिवसातून अनेकदा हात लावायचा, तिने हाताला उत्तर दिलं पाहिजे.

आवाजाचं म्हणाल तर मला खर्ज घट्ट लागतो, पसरलेला नाही. मॅरँट्झ माझ्या एका मित्राकडे होता. गाणाऱ्या बाईसाठी उत्तम, पण ढोलकी-पखवाजाला जरा ऐसपैस वाटायचा. आता तर्कटराव म्हणतील लाउडनेस चालू होतं. असेलही! मित्र आता नाही, विचारायची सोय नाही.

मंद्रा

जुनाटकाका, स्पर्शाचं अगदी पटलं.

एक राहतंय. जुन्या अ‍ॅम्पवर टोन कंट्रोल असायचे आणि ते वापरायला लाज वाटायची नाही. मग ऐंशीच्या दशकात, विशेषतः ब्रिटिश कंपन्यांत, 'सिग्नलच्या मार्गात काही नको' ही लाट आली. नेम कंपनीच्या १९८३ च्या 'नेट' अ‍ॅम्पवर व्हॉल्यूम, बॅलन्स आणि इनपुटची निवड, संपलं. चांगल्या रेकॉर्डिंगला ठीक. पण जुनी रेकॉर्ड, खरखरणारी, वरचे स्वर भाजलेले, तिचं काय करायचं? क्वाडने त्याच सुमारास ४४ आणि ३४ या (मुख्य अ‍ॅम्पच्या आधी सिग्नल हाताळणाऱ्या) प्रीअ‍ॅम्पमध्ये 'टिल्ट' दिला होता: एका घुंडीत सगळा पट मध्यावर टेकून कलतो, खर्ज वर तर तार खाली. एक पायरी फिरवली की ऐकवेनासं रेकॉर्डिंग ऐकवतं. मला विचाराल तर जुन्या अ‍ॅम्पचं निम्मं मोठेपण या घुंड्यांत आहे, आणि 'सर्किटचा आवाज' म्हणून आपण जे कौतुक करतो ते बऱ्याचदा यांचंच असतं.

तर्कट

हा प्रतिसाद फ्रेम करून लावतो. टोन कंट्रोलवाले सगळे माझे मित्र.

निळाडायल

+१. यामाहाचं बदलतं लाउडनेस विसरू नका. आधी व्हॉल्यूम तुमच्या सर्वांत मोठ्या पातळीवर ठेवायचा, मग रात्री व्हॉल्यूमऐवजी ती दुसरी घुंडी खाली आणायची. भरपाई स्रोताच्या व्होल्टेजवर अवलंबून राहत नाही, तुमच्या खोलीवर राहते. सोल्डरवाल्यांनी वर सांगितलेली सगळी भानगड तिथे निर्माणच होत नाही.

सोल्डरवाला

बरोबर. माझ्या मते त्या दशकातली सर्वांत शहाणी घुंडी.

आगाऊ_कार्टं

'दशकातली सर्वांत शहाणी घुंडी' हा पुरस्कार सुरू करा, माझ्याकडे दोन उमेदवार आहेत, दोन्ही माझे साहेब.

मध्यलय

आलो. सोल्डरवाल्यांचा आदेश पाळला. अटेन्युएटर लावले, लाउडनेस बंद, टोन मधोमध, १०० हर्ट्झचा टोन वाजवून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज जुळवलं. (साध्या मल्टिमीटरला वरच्या कंपनसंख्येला खरं बोलता येत नाही, हे माझ्या भाच्याने सांगितलं.) तारांची अदलाबदल त्यानेच केली, मी भिंतीकडे तोंड करून.

फरक आधी होता तसा अजिबात राहिला नाही. तो भरलेला खर्ज लाउडनेसचा होता, सरळ. नॅडचा कोरडेपणाही गेला, कारण तो बहुधा तुलनेतून आलेला होता. एका गायिकेच्या रेकॉर्डिंगवर मी बहुतेक वेळा बरोबर ओळखलं, बाकीच्यांवर नाही. पैज मात्र लावणार नाही.

मग लाउडनेस बंदच ठेवून मॅरँट्झवरची मिडची (मधल्या स्वरांची) घुंडी एक पायरी वर केली, आणि गाणारी बाई परत दोन पावलं पुढे! नॅडवर बास-ट्रेबल आहेत, मिड नाही. तेवढ्यासाठी आणि चाकासाठी मॅरँट्झ फळीवर राहतोय. नॅड पुतणीकडे जातो आहे, तिला चेहऱ्याची पडलेली नाही.

तर्कट

एका रेकॉर्डिंगवर ओळखलं हे रोचक आहे. ती फाइल कुठली आणि किती वेळा ऐकली? तिथे पातळीचाच अंश उरला असण्याची शक्यता आहे. १०० हर्ट्झला जुळलेलं १,००० ला जुळेलच असं नाही, जुन्या टोन कंट्रोलची मधली जागा नेहमी सपाट नसते.

मंद्रा

किंवा खरंच फरक असेल, तर्कट. तीही शक्यता असते कधीकधी.

मूळपुरुष

भाचा आणि पुतणी दोघांनाही या रोगाची लागण करून ठेवलीत, हे बरं केलंत.

मध्यलय

तर्कट, १,००० ला बघतो. चांगला मीटर मागून आणावा लागेल.

जुनाट

मध्यलय, एक सूचना. पुतणीला देण्याआधी नॅडच्या मागच्या प्री-आउट आणि मेन-इन जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या काढून, पुसून परत घट्ट बसवा. त्या सैल झाल्या की एक चॅनेल जातो-येतो आणि लोक उगाच अ‍ॅम्प खोलत बसतात.

नवशिका

अपडेट! गोंद खरवडला, एका जाणकाराने दोन खाल्लेले डायोड बदलून दिले. सिरीजचा दिवा भगभगून मंद झाला. 'टक्' आलं. डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे ३१. आता माझे नवे स्पीकर जोडू का?

सोल्डरवाला

आकडे चांगले आहेत. अर्धा तास तापू द्या, परत मोजा. मग स्पीकर जोडा, पण नवे नाही. घरात कुठे जुने, नावडते पडले असतील ते आधी.

नवशिका

नावडते कुठून आणू? सगळेच आवडतात.

आगाऊ_कार्टं

माझ्याकडे आहेत. व्यक्तिगत निरोप करा.